उलट्या मुळांचं जंगल

साहेबांनी नोकरीच्या सगळ्या वर्षांत एकही झाड लावलं नाही. स्वतःच्या हातानं तोडलंही नाही म्हणा. कुऱ्हाड त्यांना उचलली नसती. त्यांच्याकडे शिक्का होता. रस्ता रुंद करायचा असो, दुकानाची पाटी दिसत नाही म्हणून कुणाला झाड नकोसं झालेलं असो, नाहीतर गॅलरीत पानं पडतात अशी तक्रार असो, कागद फिरत फिरत शेवटी साहेबांच्या टेबलावर यायचा. साहेब तो वाचल्यासारखं करायचे आणि खाली 'हरकत नाही' असा शिक्का उमटवायचे. त्या दोन शब्दांनी गावातली किती झाडं आडवी झाली ते कुणालाच सांगता येणार नाही, कारण ती मोजायचं कामही साहेबांच्याच खात्याकडे होतं. हाताखालची मंडळी पाठीमागे त्यांना हरकतसाहेब म्हणत. साहेबांच्या कानावर ते गेलं होतं आणि मनातून त्यांना ते नाव आवडलंही होतं. आपल्यामुळे कधी कुणाचं काम अडलं नाही, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला होता.

तर असे हे साहेब निवृत्त झाले आणि वर्ष सरायच्या आत झाडं बनवायला बसले. बोटाएवढाली, हिरवीगार, फांदी न् फांदी चिमट्याने वळवलेली. या वयात काहींना गुडघे आठवतात, काहींना रक्तातली साखर. साहेबांना निसर्ग आठवला, तोही टेबलावर मावेल एवढा.

झालं असं की माळा आवरताना मुलाची लहानपणची खेळण्यातली आगगाडी सापडली. इंजिन, चार डबे आणि गोल जुळणारे रूळ. मुलगा कधीच मोठा होऊन दूर नोकरीला गेला होता आणि त्याला गाडीची आठवणही नव्हती. साहेबांनी जेवणाच्या टेबलावर रूळ जोडले, वायर लावली, आणि गाडी चक्क चालायला लागली. दोन फेऱ्या त्यांनी कौतुकाने पाहिल्या. तिसऱ्या फेरीला त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"अशी उघड्या टेबलावरून गाडी जाते, हे काही खरं वाटत नाही," ते म्हणाले.

त्यांची बायको ताटं हातात घेऊन टेबल मोकळं व्हायची वाट पाहत उभी होती. शिवण शिकायला येणाऱ्या मुली तिला बाई म्हणत. आपणही बाईच म्हणू.

"गाडीच खोटी आहे, तर खरं कसं वाटेल?" बाई म्हणाल्या.

प्रश्न रास्त होता. पण रास्त प्रश्नांना उत्तर द्यायची साहेबांना सवय नव्हती. ते गाडीकडे पाहत राहिले, आणि त्या दिवशी दोघं मांडीवर ताट घेऊन जेवली.

टेबलावरून गाडी हलली ती थेट आतल्या खोलीत गेली. आतली खोली म्हणजे घरातली सगळ्यात उजेडाची जागा, मोठी खिडकी, कोरड्या भिंती. तिथे बाईंचं शिलाई मशीन होतं, कापड कापायचं टेबल होतं आणि दुपारी शिवण शिकायला येणाऱ्या चार मुलींसाठी चटई होती. शाळेचे गणवेश, लहान मुलींचे फ्रॉक, पडदे, उशांचे अभ्रे, सगळं काम त्या खिडकीशी बसून व्हायचं. आसपासच्या चार गल्ल्यांतल्या पोरांच्या अंगावर बाईंच्या हातची शिवण असायची. त्या खोलीत बाई कुणाची बायको नसायच्या, कुणाची आई नसायच्या, आणि त्यांना ते फार आवडायचं.

"रुळांना ओल चालत नाही, गंज धरतो," साहेबांनी समजावून सांगितलं. "तू आपली मागच्या खोलीत बस. फक्त पावसाळ्यापुरतं."

मागची खोली म्हणजे घराच्या पाठीला चिकटून काढलेली पत्र्याची अडगळ. तिच्यामागे सरळ चढण होती, मातीची, झुडपांनी भरलेली. खोलीला खिडकी होती, पण ती उघडली की समोर झुडपांची मुळं दिसायची.

"तिथे उजेड नाही," बाई म्हणाल्या.

"मोठा बल्ब लावू."

"तिथे ओल असते."

"मशीनला काय होतंय ओलीने? तेल पाजतेसच की तू त्याला."

बाईंनी मशीन हलवलं. मुलींनी चटई हलवली. जाताना बाई एवढंच म्हणाल्या, "पावसाळा संपला की माझी खोली मला परत पाहिजे."

"हरकत नाही," साहेब म्हणाले.

पावसाळा संपला, थंडी आली आणि गेली. खोली काही परत आली नाही, कारण तोवर तिच्यात डोंगर उभा राहिला होता.

डोंगर उभा करणं म्हणजे काय, हे साहेबांच्या तोंडून ऐकायचं. ऐकणारा जांभया द्यायला लागला तरी ते थांबत नसत. आधी सुताराकडून जाड फळ्यांचं भक्कम टेबल करून घ्यायचं, घरातल्या पलंगाहून भक्कम. त्यावर थर्माकोलचे थर एकावर एक चिकटवायचे, सुरीने कडे कोरायचे, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेल्या पट्ट्या अंथरायच्या. मग रंग. रंग एकदम फासायचा नाही. पातळ काळं पाणी सोडायचं, ते फटींत जाऊन बसतं. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कडांवर पांढुरका हात फिरवायचा, की दगड उठून दिसतो. डोंगरातून बोगदा, बोगद्याबाहेर पूल, पुलाखाली नदी. नदीसाठी चकचकीत रसायन थराथराने ओतायचं आणि प्रत्येक थर वाळेपर्यंत घरात कुणी पाय आपटून चालायचं नाही. रुळांखालची खडी चमच्याने पसरायची आणि पांढऱ्या गोंदाचं पाणी ड्रॉपरने थेंब थेंब सोडायचं. त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकायचे, म्हणजे गोंद झिरपत जातो. हा साबणाचा शोध साहेबांना स्वतःचा वाटत होता.

या शोधांचा कच्चा माल स्वयंपाकघरातून यायचा. चहाचा चोथा गच्चीवर वाळत पडायचा, कारण वाळला की त्याची झकास माती होते. मिक्सरमध्ये स्पंज दळला गेला, त्याची पानं झाली, आणि पुढे कितीतरी दिवस वाटलेल्या प्रत्येक गोष्टीला हिरवट चव येत होती. चहाची गाळणी गेली ती गवत पेरायला. बाई फडक्याने चहा गाळायला लागल्या. साहेबांनी तो पिऊन पाहिला आणि चहात फडक्याचा वास येतो अशी तक्रार केली.

अडलं ते झाडांपाशी. दुकानातली झाडं आणली ती बाटली धुवायच्या ब्रशसारखी दिसत होती. तारेची करून पाहिली, ती तारेचीच दिसली. साहेबांची झोप उडाली. ज्या माणसाच्या टेबलावरून अख्ख्या गावाची झाडं गेली, त्याला झाड दिसतं कसं हेच आठवेना. रोजच्या रस्त्यावर जाऊन पाहावं, तर रस्त्यावर झाड उरलेलं नव्हतं.

अशात एक दिवस ते वाळलेला चोथा आणायला म्हणून गच्चीवर गेले, आणि तिथून त्यांना मागच्या चढणीवर एक उपटून पडलेलं झुडूप दिसलं. बकरीने ओढलं असेल. खाली येऊन त्यांनी ते उचललं, झटकलं. झुडूप अगदीच सामान्य, नावसुद्धा कुणाला माहीत नसलेलं. पण त्याची मुळं! बारीक, दाट, फाट्याला फाटे फुटलेली. साहेबांनी ते उलटं धरलं. मूळ वर, खोड खाली. समोर एक जुनाट, डेरेदार झाड उभं होतं, तळहातावर. आयुष्यात पहिल्यांदा साहेबांनी एखादं झाड लक्ष देऊन पाहिलं, तेही उलटं. त्यांचा ऊर भरून आला आणि डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगा.

मग काय, रोज सकाळी साहेब टोपी घालून मागे. झुडूप हलवायचं, ओढायचं, नाही आलं तर खुरप्याने भोवतीची माती उकरायची, मूळ तुटू द्यायचं नाही. घरी आणून धुवायचं, सावलीत वाळवायचं, कात्रीने आकार द्यायचा, गोंदात बुडवायचं आणि वरून बाईंच्या गाळणीतून हिरवा भुसा पेरायचा. धुण्याच्या दोरीवर कपड्यांऐवजी मुळं लटकायला लागली. बादलीत मुळं, खिडकीत मुळं, बाईंच्या इस्त्रीच्या टेबलावर मुळं.

पहिल्यांदा बाई हसल्या. मग एके दिवशी मागच्या खोलीच्या खिडकीतून त्यांना मुळं दिसेनाशी झाली. नुसती माती दिसली, कोरी. त्या उठून आत आल्या.

"अहो, त्या झुडपांनी माती धरून ठेवलीय. सगळी उपटलीत तर चढण खाली येईल."

साहेब त्या वेळी एका झाडाला वाळवी लागल्याचं दाखवत होते, सुईच्या टोकाने. त्यांनी मान वर केली नाही.

"अगं, शेकडो झाडांना मी परवानगी दिलीय तोडायला. आलं कधी काही खाली?"

"तुम्ही कधी जाऊन बघितलंत?"

हाही प्रश्न रास्त होता, त्यामुळे तोही तसाच राहिला.

पुढे मागच्या खोलीच्या पत्र्यावर अधूनमधून खडे पडायला लागले. टण्ण करून आवाज व्हायचा आणि शिकणाऱ्या मुली दचकून टाका चुकायच्या. बाईंनी साहेबांना बोलावून दाखवलं. साहेब शिडी लावून पत्र्यावर चढले, तेव्हा बाईंना वाटलं, चला, डोक्यात प्रकाश पडला. साहेबांनी खडे निवडून निवडून सदऱ्याच्या खिशात भरले.

"बघ, आयतेच मिळाले," ते शिडीवरून उतरताना म्हणाले. "मला दरडीसाठी असेच पाहिजे होते. आपली गाडी खऱ्या गाडीच्या सत्याऐंशी पटीने लहान. तेवढ्या पटीने मोठा धरलास तर हा केवढा धोंडा होईल माहितेय?"

कारण डोंगर नुसता उभा राहून साहेबांचं समाधान झालं नव्हतं. त्यावर दरड कोसळलेली दाखवायची होती. रुळांच्या कडेला धोंड्यांचा ढीग, माती, त्यात अर्धा गाडला गेलेला विजेचा खांब आणि फावडी घेतलेले पाच मजूर. प्रत्येक मजूर नखाएवढा. एकाच्या बनियनला साहेबांनी भोकसुद्धा दाखवलं होतं. बाईंच्या पत्र्यावरचे खडे या दरडीत कामी आले.

हे सगळं कशासाठी, तर मंडळासाठी. गावात साहेबांसारखे छोट्या गाड्यांचे नादी लोक होते आणि त्यांचं एक मंडळ होतं. वर्षातून एकदा मंडळी सगळ्यांची घरं फिरायची, सगळ्यांचे देखावे बघायची आणि त्यातल्या एकाला चषक द्यायची. चषक गेली काही वर्षं डॉक्टरांच्याच दवाखान्यात मुक्कामाला होता. डॉक्टर म्हणजे दातांचे डॉक्टर. कवळ्यांसाठी आणलेल्या प्लास्टरमधून त्यांनी घरी घाट उभा केला होता, आणि त्यातला प्रत्येक सुळका दाढेसारखा दिसतो हे साहेब मंडळातल्या प्रत्येकाला खासगीत सांगून चुकले होते.

डॉक्टर एकदा सहज म्हणून येऊन गेले. सहज कसले, टेहळणीलाच. त्यांनी खिशातून दात बघायचा छोटा आरसा काढला आणि तो बोगद्यात घालून आतून पाहिलं. मग पुलाखालून पाहिलं. साहेब श्वास रोखून उभे होते.

"आत सगळं स्वच्छ आहे," डॉक्टर म्हणाले. "दरड छान. नदी छान. फक्त डोंगर जरा बोडका वाटतो, नाही?"

आणि चहा पिऊन निघून गेले.

बोडका! साहेबांच्या ते जिव्हारी लागलं. नोकरीत मंत्र्यासमोर उभं राहून बोलणी खाल्ली होती तेव्हाही एवढं लागलं नव्हतं. त्यांनी चंग बांधला. दुसऱ्या दिवसापासून टोपी, खुरपं, टिकाव आणि दोन पोती घेऊन ते चढणीवर दिवसभर राबायला लागले. आधी हाताला येईल ते उपटत, आता वरपासून ओळीने उपटत निघाले. ज्या माणसाने घरात कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून घेतला नाही, तो उन्हात वाकून मुळं खणत होता, आणि गल्लीतली माणसं म्हणत होती, बघा, या वयात साहेब बागकाम करतात.

पाऊस सुरू व्हायच्या सुमाराला टेबलावरचा डोंगर रानाने गच्च भरला. खरंच सांगायचं तर देखणा दिसत होता. खिडकीतून ऊन आलं की छोट्या झाडांच्या छोट्या सावल्या उतारावर पडायच्या, आणि त्यांच्यामधून गाडी जाताना पाहणाऱ्याला दोन क्षण आपण कुठे आहोत ते कळायचं नाही. घरामागच्या चढणीवर मात्र हिरवं पान उरलं नव्हतं. तिथे नुसते खड्डे होते, ओळीने.

"आता तरी माझी खोली द्या," बाई म्हणाल्या. "मला तिथे बसायची भीती वाटते. मुलींच्या आया विचारतात."

"चषकापर्यंत थांब. एकदा मंडळी येऊन गेली की मग."

"मग काय? मग हे मोडणार तुम्ही?"

साहेबांनी अशा नजरेने पाहिलं की जणू बाईंनी त्यांना घर पेटवायला सांगितलं होतं.  बाईंना इतका राग आला होता की बोलल्या असत्या तर थांबल्या नसत्या. त्या मागच्या खोलीत गेल्या आणि मुलींना म्हणाल्या, पाऊस आहे तोवर येऊ नका, मी एकटीच काम संपवते. शाळा उघडल्या होत्या. गणवेशांचा ढीग पडला होता.

मंडळी आली तो रविवार होता. दिवसेंदिवस पाऊस लागून राहिला होता, आभाळ नुसतं गळत होतं. छत्र्या दारात ठेवून डॉक्टर आणि आणखी चौघं आत आले. साहेबांनी नवा सदरा घातला होता. त्यांनी खोलीचं दार जरासं उघडून मागच्या बाजूला हाक मारली.

"अगं, चहा आण! पाच जण आहेत, माझ्यासकट सहा!"

मागच्या खोलीत मशीनचा आवाज थांबला. बाई एका गणवेशाला बाही जोडत होत्या. बाही अर्धी राहिली. त्या मनात काय म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही, पण उठल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी आधण ठेवलं.

इकडे साहेबांनी खोलीतला दिवा मालवला, टेबलावरचे छोटे दिवे लावले आणि कळ फिरवली. गाडी निघाली. पुलावरून गेली, रानातून गेली. मंडळी वाकून पाहत होती. कुणी तोंडातून शब्द काढत नव्हतं, आणि मंडळातल्या लोकांनी तोंडातून शब्द न काढणं म्हणजे केवढी गोष्ट, हे साहेबांना ठाऊक होतं. गाडी दरडीपाशी आली. बनियन फाटलेला मजूर फावडं टेकून उभा होता. गाडी त्याच्या शेजारून सरकली आणि बोगद्यात शिरली.

आणि गडगडाट झाला. खोल, दाबलेला, लांबत जाणारा. टेबल थरथरलं. रानातली दोन-चार झाडं कलंडली.

"वा!" डॉक्टर ताठ होऊन ओरडले. "आवाजही बसवलात! साहेब, मानलं!"

मंडळींनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी क्षणभर इकडेतिकडे पाहिलं. असला काही आवाज त्यांनी बसवलेला नव्हता. पण टाळ्या पडत होत्या, डॉक्टर हात मिळवायला पुढे आले होते, आणि साहेबांनी आयुष्यात आलेला कागद कधी परत पाठवला नव्हता.

"जरासा प्रयत्न केलाय," ते नम्रपणे म्हणाले.

तेवढ्यात स्वयंपाकघरात कपबश्या फुटल्या आणि बाईंची किंकाळी आली. "अहो!"

चढण खाली आली होती. मागच्या खोलीची मागची भिंत आत ढकलली गेली होती, पत्रा एका अंगावर झुकला होता, आणि आत कमरेपर्यंत लाल चिखल शिरला होता. जिथे बाई घटकेपूर्वी बसल्या होत्या तिथे एक धोंडा येऊन थांबला होता. मशीनचं फक्त डोकं वर दिसत होतं. गणवेश कुठेच दिसत नव्हते.

बाई पावसात उभ्या होत्या.  साहेब मंडळींसह धावत आले, त्यांनी खोली पाहिली, धोंडा पाहिला, बायको पाहिली. ते खरंच घाबरले होते. पण ते घाबरणं टिकलं नाही, कारण लगेच त्यांच्या मनात एक दिलासा देणारा विचार आला आणि तो त्यांनी बोलूनही दाखवला.

"बरं झालं, मी चहा सांगितला. नाहीतर तू आतच असतीस."

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पदर खोचून त्या चिखलात उतरल्या. 

आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. शिवण शिकणाऱ्या मुली घमेली आणि फावडी घेऊन आल्या, त्यांच्या आया आल्या. मंडळातल्या लोकांनी विजारी गुडघ्यापर्यंत दुमडल्या. चिखल उपसला जाऊ लागला. एक एक गणवेश बाहेर निघत होता, लाल झालेला, आणि बाई तो पिळून बाजूला ठेवत होत्या.

साहेब चढणीच्या पायथ्याशी उकिडवे बसले होते. टोपी डोक्यावर नाही, नवा सदरा भिजून अंगाला चिकटलेला, मान खाली. डॉक्टरांना ते बघवेना. ते बाईंजवळ आले.

"साहेब अगदी खचलेत हो. जरा जाऊन धीर द्या त्यांना. रडतायत बहुतेक."

बाईंनी तिकडे नजर टाकली.

"रडत नाहीत," त्या म्हणाल्या. "माप घेतायत."

डॉक्टरांनी नीट पाहिलं. साहेबांच्या हातात खिशातली स्टीलची पट्टी होती. ती ते एका दगडाला लावत होते, मग दुसऱ्याला.

साहेबांना फार मोठी गोष्ट उमगली होती. मोठे धोंडे सगळ्यांत खाली आणि सगळ्यांत लांब जाऊन पडले होते; बारीक माती वरच राहिली होती. त्यांनी टेबलावर नेमकं उलटं केलं होतं. महिनोन् महिने डोळ्यांसमोर चूक होती आणि कुणालाच कळली नव्हती, डॉक्टरांनाही नाही. शिवाय मातीचा रंग! चहाच्या चोथ्याने तो कधीच साधला नसता. आतली माती ओली असताना जवळजवळ मांसासारखी लाल असते, आणि तिच्यात पांढऱ्या मुळांचे तुटके धागे असतात. साहेब मनापासून आनंदले. इतकं जवळून हे पाहायला कुणाला मिळतं? बऱ्याच वेळाने त्यांनी मूठभर माती उचलली, रुमालात बांधली, दोन चांगले खडे घेतले आणि वाळायच्या आत रंग जुळवून बघावा म्हणून लगबगीने घराकडे निघाले.

वाटेत त्यांना शिवणाच्या मुली भेटल्या, घरातून रिकाम्या हाताने परत येणाऱ्या. त्या बाजूला झाल्या आणि त्यांच्याकडे न बघता पुढे गेल्या. व्हरांड्यातून आतल्या खोलीपर्यंत फरशीवर चिखलाच्या पावलांची रांग गेली होती. साहेबांच्या कपाळावर आठी चढली. रुळांना ओल चालत नाही, हे या घरात किती वेळा सांगायचं?

खोलीचं दार सताड उघडं होतं. खिडकी उघडली होती आणि मोठा दिवा लावला होता. भक्कम टेबलाच्या मधोमध, बोगद्याच्या आणि पुलाच्या जागी, मशीन ठेवलेलं होतं. धडच्या धड उचलून ठेवलेलं, चिखलाने माखलेलं. त्याच्याखाली डोंगराचा माथा बसला होता. प्लास्टर फुटून थर्माकोलचे पांढरे दाणे सगळीकडे उडाले होते. गाळ ओघळून नदीत उतरत होता, इंजिन आडवं पडून चाकं फिरवत होतं, आणि रानातली शेकडो झाडं मुळं खाली करून पडली होती. बाई स्टूल ओढून खिडकीशी, आपल्या जागेवर बसल्या होत्या.

साहेबांच्या हातातला रुमाल सुटला.

"अगं, हे काय! माझा डोंगर... काय झालं काय हे?"

"दरड आली," बाई म्हणाल्या, आणि फडकं घेऊन मशीनच्या चाकातला चिखल पुसायला लागल्या.